यंत्राचा हिशेब होतो, परिचारिकेच्या कामाचा का नाही?

गेल्या महिन्यात माझ्या कार्यालयात एक परिचारिका आली. जीएनएम झालेली, वय तिशीच्या आतले. नागपुरातल्या एका खाजगी गृहसेवा संस्थेमार्फत रुग्णांच्या घरी जाऊन ती सेवा देते. तक्रार साधी होती. तीन महिन्यांचा मोबदला थकला आहे आणि मागायला गेले तर संस्था म्हणते, तू आमची नोकरदारच नाहीस. आम्हा वकिलांना अशी प्रकरणे नवीन नाहीत. मी कागदपत्रे मागितली. नियुक्तिपत्र नव्हते, पगारपत्रक नव्हते, हजेरीची नक्कलही नव्हती. तिने मोबाईल काढून माझ्यासमोर ठेवला.

त्यात एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. रुग्णाचा मुलगा, संस्थेचा समन्वयक, एक डॉक्टर आणि ही. रुग्ण एक निवृत्त कामगार, हार्ट फेल्युअरचा. संस्थेने घरी वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवला आहे. रोज सकाळी त्या यंत्रांचे आकडे ग्रुपवर येतात. रात्री साडेदहाला म्हाताऱ्याला दम लागला तर तेव्हाही येतात. संस्था हिला पैसे देते ते फक्त प्रत्यक्ष घरी गेल्याच्या दिवसांचे, आणि ते आठवड्यातून दोन दिवस. बाकी पाच दिवस आकडे पाहायचे, मुलाला फोन करून विचारपूस करायची, डॉक्टर उत्तर देत नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा लिहायचे, या कामाची नोंद कोणत्याच वहीत नाही.

मी तिला विचारले, यंत्रामुळे तुझे काम सोपे झाले की अवघड? ती म्हणाली, "साहेब, वजन वाढलं हे मशीन सांगते. काहून वाढलं हे थोडीच सांगते? मी घरात गेली तर ताटात पापड दिसते मले. मग मी म्हणतो, बाबा, हे कोणी देल्लं तुमाले? तवा कुठं समजते."

तिच्या थकबाकीची नोटीस त्याच दिवशी तयार झाली. पण तिचे हे बोलणे डोक्यातून जाईना. मग या विषयावर जे मिळेल ते वाचून काढले. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी या देशांत हृदयविकाराच्या रुग्णांवर घरबसल्या यंत्राने पाळत ठेवण्याचे प्रयोग वीस-पंचवीस वर्षे चालू आहेत. तिथे घरोघर जाणाऱ्या परिचारिकांना त्याबद्दल काय वाटते यावरही बरेच संशोधन झाले आहे. त्यांचे म्हणणे आणि नागपूरच्या या ताईचे म्हणणे यांत भाषेपलीकडे फारसा फरक आढळला नाही. आपल्या देशात दूरवैद्यकाचा मोठा गाजावाजा चालू असताना ते म्हणणे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तसे नाही. हृदयाचा पंप कमजोर होतो किंवा ताठर होतो, रक्त पुरेसे ढकलले जात नाही आणि शरीरात पाणी साठू लागते. पायाला सूज येते. जिना चढताना दम लागतो, पुढे आडवे झाल्यावरही लागतो. एका उशीवर झोपणारा माणूस तीन उशा घेऊ लागतो, शेवटी खुर्चीत बसून रात्र काढतो. साठलेले पाणी काढण्यासाठी लघवीवाटे पाणी उतरवणारी गोळी असते. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढले तर ते मांस नसून पाणी आहे असे समजावे आणि वेळीच डॉक्टरांना कळवावे, असे रुग्णाला शिकवतात. गोळी वेळेवर वाढवली तर पुष्कळदा माणूस घरीच सावरतो. चार दिवस निघून गेले तर अतिदक्षता विभाग आणि हजारोंचे बिल.

हा श्रीमंतांचा आजार आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद होणे आणि उपचार न झालेला रक्तदाब ही त्याची मोठी कारणे. पण आपल्या देशात आणखी एक कारण आहे. लहानपणी घसा सुजून येणारा ताप दुर्लक्षित राहिला, तर पुढे सांध्यांचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होतात. दाटीवाटीच्या खोल्यांत, गरिबीत वाढलेल्या मुलांचा हा रोग आहे. भारतातल्या ५३ रुग्णालयांत दाखल झालेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली आहे. तिच्यातले सरासरी वय सुमारे ६० आहे. युरोप-अमेरिकेत असा रुग्ण साधारण सत्तरी ओलांडलेला असतो. म्हणजे आपला माणूस दहा वर्षे आधीच खाटेला खिळतो. दाखल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत या नोंदवहीतले सुमारे १४ टक्के रुग्ण मरण पावले, म्हणजे सातांतला एक. हे ९० दिवस बहुतांशी घरी काढायचे असतात, आणि घरी कोण असते?

अमेरिकेत घरी परिचारिका असते. ही परंपरा जुनी आहे. १८९३ साली लिलियन वॉल्ड या परिचारिकेने न्यूयॉर्कच्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत घरोघर सेवा सुरू केली. १९०० साली जेसी स्लीट ही काळी परिचारिका त्याच शहरातल्या काळ्यांच्या वस्त्यांत क्षयरोग्यांच्या घरी जाऊ लागली. तिला ते काम मिळणेही सोपे नव्हते, कारण काळ्या परिचारिकेला कोणी ठेवत नसे. तेव्हापासून दारावर थाप मारून घरात शिरणे, चूल पाहणे, अंथरूण पाहणे, मग रुग्णाकडे वळणे ही या कामाची रीत आहे. घरात यंत्र आल्यावर या स्त्रियांना काय वाटले असेल ते यावरून समजावे.

त्यांनी यंत्राला सरसकट विरोध केलेला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कष्टकरी माणूस यंत्राविषयी काही बोलला की तो प्रगतीचा शत्रू ठरवला जातो. सकाळी सगळ्या रुग्णांचे आकडे एकत्र दिसतात, त्यामुळे आज आधी कोणाकडे जायचे हे ठरवता येते, असे अनेकजणी सांगतात. तीस-चाळीस मैल गाडी चालवून दुरच्या शेतवस्तीवर जाणाऱ्या परिचारिकेला त्याची किंमत विशेष कळते. रुग्ण स्वतः शिकतो हा दुसरा फायदा. काल लोणचे खाल्ले आणि आज काट्यावर आकडा चढला, हा संबंध एकदा डोळ्यांनी दिसला की दहा उपदेशांचे काम होते. आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे या धीराने रुग्णाला झोप लागते, असेही त्या म्हणतात.

पण त्यानंतर त्या जे सांगतात ते व्यवस्थापकांना ऐकायला आवडत नाही. पहिली गोष्ट खोट्या इशाऱ्यांची. रुग्ण गालिच्यावर काटा ठेवून वजन करतो, एक दिवस स्वेटर घालून करतो, रक्तदाबाचा पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधतो. यंत्र लाल दिवा लावते. प्रत्येक लाल दिव्यामागे परिचारिकेला फोन करावा लागतो. दिवसाकाठी असे किती फोन व्हायचे? आणि शंभर खोट्या इशाऱ्यांत एक खरा सुटला तर जबाब कोणाला द्यावा लागेल? यंत्र जोडणे, त्याचे सेल बदलणे, लाईन का लागत नाही ते पाहणे हेही तिच्याच गळ्यात. शिकली रुग्णसेवा आणि करते वायरमनचे काम, अशी स्थिती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरात शिरलेल्या परिचारिकेला जे दिसते ते काट्याला दिसत नाही. गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी भरलेली असतात. चप्पल पायात जात नाही म्हणून टाच दुमडलेली असते. बाई बोलताना वाक्याच्या मध्ये थांबते. शेजारी बसलेली सून तिच्याकडे पाहत नाही. आणि एक नाजूक मुद्दा. खंगत चाललेल्या म्हाताऱ्या रुग्णाच्या अंगातले मांस झडत असते आणि त्याच वेळी पाणी साठत असते. दोहोंची बेरीज सारखीच येते, काटा शांत राहतो आणि माणूस बुडत असतो. वजन न वाढताही अनेक रुग्ण अत्यवस्थ होतात हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. परिचारिका पायाच्या नडगीवर अंगठा दाबून पाहते. खड्डा पडला तर तिला वेगळे यंत्र लागत नाही.

तिसरी गोष्ट अधिकाराची. आकडा आधी परिचारिकेला दिसतो, पण गोळी वाढवण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी तिला नसतो. ती डॉक्टरांना फोन करते. डॉक्टर शस्त्रक्रियेत असतात, सुटीवर असतात किंवा उद्या बघू म्हणतात. पूर्वी तिला माहीत नव्हते म्हणून तिच्यावर दोष नव्हता. आता तिला रात्री अकरा वाजता माहीत असते आणि हातात काही नसते. माहिती दिली, जबाबदारी दिली, अधिकार मात्र दिला नाही. हा प्रकार आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. सत्ता न देता राबवून घेण्याची रीत आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलेली आहे.

परिचारिकांचेही सगळेच बरोबर असते असे मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासांत एक गोष्ट पुढे आली. यंत्र कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे प्रत्यक्षात परिचारिकाच ठरवू लागल्या. या आजींना झेपणार नाही, यांना इंग्रजी येत नाही, ही माणसे यंत्र सांभाळणार नाहीत असे मनाशी ठरवून त्यांनी अनेकांना विचारलेही नाही. हेतू चांगला असेल. पण "याला जमणार नाही" हे वाक्य शाळेच्या दारात, नोकरीच्या दारात आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते परिचारिकेच्या तोंडून आले म्हणून गोड लागत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश आढाव्याने प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मतांचा धांडोळा घेतला. त्यातून निघाले ते हे की सेवेची घडी कशी बदलते, रुग्णाशी नाते टिकते की नाही, आपल्या निर्णयाला मान राहतो की नाही आणि यंत्र नीट चालते की नाही, यांवर त्यांची स्वीकृती अवलंबून असते. चारांपैकी तीन गोष्टी यंत्राच्या बाहेरच्या आहेत.

आता कोणी म्हणेल, ही कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी झाली, विज्ञान काय म्हणते? विज्ञानानेही त्यांचीच बाजू घेतली आहे, जरा उशिराने. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या पुढाकाराने १,६५३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१० साली आला. रुग्णाने रोज एका स्वयंचलित दूरध्वनीवर वजन आणि लक्षणे सांगायची, अशी योजना होती. सहा महिन्यांत पुन्हा दाखल झालेले किंवा दगावलेले रुग्ण यंत्रवाल्या गटात ५२.३ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ५१.५ टक्के. म्हणजे फायदा शून्य. यंत्रवाल्या गटातील १४ टक्के लोकांनी तो फोन एकदाही वापरला नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत, आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले. यंत्राच्या आवाजाशी माणूस किती दिवस बोलेल? २०१६ साली कॅलिफोर्नियातील सहा केंद्रांमधल्या १,४३७ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. तिथे प्रशिक्षित परिचारिका होत्या, पण एका मध्यवर्ती ठिकाणी, फोनच्या दुसऱ्या टोकाला. सहा महिन्यांतल्या पुनर्भरतीत तिथेही फरक पडला नाही.

मग जर्मनीत २०१८ साली निकाल वेगळा का आला? बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली १,५७१ रुग्णांवर चाचणी झाली. यंत्रे जवळपास तीच होती : काटा, रक्तदाब, हृदयाचा आलेख, ऑक्सिजन. पण यंत्रांच्या मागे चोवीस तास डॉक्टर आणि हार्ट फेल्युअरच्या परिचारिका बसलेल्या होत्या. आकडा बिघडला की औषध बदलण्यापर्यंत कृती होत होती, आणि दर महिन्याला रुग्णाला सविस्तर फोन जात होता. अचानक दाखल व्हावे लागल्याने किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला २४.२ वरून १७.८ वर आले. दर शंभर रुग्णांमागे वर्षाकाठी होणारे मृत्यू ११.३ वरून ७.९ वर आले. डिसेंबर २०२० मध्ये जर्मनीने ही सेवा सार्वजनिक आरोग्य विम्यात घ्यायचे ठरवले. यंत्र विकणाऱ्या कंपन्या हे जर्मन आकडे सर्वत्र दाखवतात. त्या आकड्यांमागे रात्रपाळीला बसणाऱ्या माणसांच्या पगाराचा खर्च आहे, हे मात्र त्यांच्या पत्रकात बारीक अक्षरात असते.

पैशाचा विषय इंग्लंडमध्ये स्पष्ट झाला. २००८ पासून न्यूहॅम, केंट आणि कॉर्नवॉल येथे मधुमेह, फुप्फुसाचा दीर्घ आजार आणि हार्ट फेल्युअर यांच्या ३,२३० रुग्णांवर मोठा सरकारी प्रयोग झाला. २०१२ साली निकाल आला : वर्षभरातले मृत्यू ८.३ टक्क्यांवरून ४.६ वर. सरकारने तर तीस लाख लोकांपर्यंत यंत्रे नेण्याची घोषणा आधीच करून टाकली होती. पुढच्याच वर्षी खर्चाचा हिशेब प्रसिद्ध झाला. निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाढवायला ९२ हजार पौंड लागत होते. तिथे सरकारी तिजोरीला परवडण्याची नेहमीची मर्यादा तेव्हा २० ते ३० हजार पौंडांची होती. घोषणा हिशेबाची वाट पाहत नाहीत, हे सगळ्या देशांतल्या सरकारांचे साम्य दिसते.

वकील म्हणून मला सर्वात जास्त खिळवून ठेवले ते अमेरिकेच्या कायद्याने. तिथे वृद्धांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, ऑक्टोबर २००० पासून गृहसेवा संस्थांना भेटीगणिक पैसे देणे बंद झाले. साठ दिवसांची एक ठोक रक्कम मिळू लागली. २०२० पासून ती तीस दिवसांवर आली. ठोक रक्कम म्हटल्यावर संस्थेचे हित कशात? भेटी कमी करण्यात. भेट कमी करून तिच्या जागी यंत्र ठेवले तर नफा वाढतो. हा धोका ओळखूनच तिथल्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम १८९५(ई) मध्ये तरतूद करण्यात आली : डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रत्यक्ष घरभेटीच्या जागी दूरसंचाराची सेवा चालणार नाही, आणि अशी सेवा पैसे देताना भेट म्हणून धरली जाणार नाही.

वरवर पाहता हे परिचारिकेचे संरक्षण आहे. पहिला अर्धा भाग तसा आहेच. तो वाचून मला त्या कायदेकर्त्यांचे कौतुक वाटले. पण दुसरा अर्धा भाग वाचा. दूरसंचाराची सेवा भेट नाही. म्हणजे ती हिशेबात नाही. मग पडद्यासमोर बसून परिचारिकेने केलेले तासभराचे काम कशात धरायचे? ठोक रकमेत. ठोक रकमेत म्हणजे संस्थेच्या मर्जीत. जुलै २०२३ पासून अशा सेवेची नोंद करणे तिथे सक्तीचे झाले. नोंद होते, तिचे स्वतंत्र पैसे मिळत नाहीत. म्हणजे नागपूरची ताई आणि अमेरिकन परिचारिका एकाच रांगेत उभ्या आहेत. त्यांच्या देशात निदान रांग कायद्यात लिहिलेली आहे.

इथे ऑक्सिमीटरविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बोटाला लावायचे हे छोटे यंत्र कोरोनाच्या काळात घराघरांत पोहोचले. ते कातडीतून प्रकाश पाठवून ऑक्सिजन मोजते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते. तिप्पट फरक! यंत्रे हजारो, लाखो विकली गेली, ती गोऱ्या कातडीवर पारखून. काळा माणूस गुदमरत असताना यंत्र हिरवा दिवा दाखवत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये यासाठी नव्या नियमांचा मसुदा काढला. आपल्याकडे उन्हातान्हात राबणाऱ्या, सावळ्या-काळ्या कातडीच्या माणसाच्या बोटाला हेच यंत्र लावतात. घरात परिचारिका असेल तर ती ओठांचा, जिभेचा रंग बघेल, श्वास मोजेल आणि यंत्रावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवेल. फक्त आकडाच पाठवला गेला तर समोरचा डॉक्टर काय करणार?

आता आपल्या देशाकडे येऊ. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. त्याआधी २०१९ मध्ये ई-संजीवनी सुरू झाली होती. गावच्या आरोग्य केंद्रात बसलेला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला पडद्यावर शहरातल्या डॉक्टरांशी जोडून देतो. यातले बरेचसे अधिकारी नर्सिंगची पदवी घेतलेले आणि कंत्राटी आहेत. दुर्गम भागातल्या बाईला तालुक्याला न जाता तज्ज्ञाचा सल्ला मिळतो, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे मुख्यतः डॉक्टर आणि रुग्ण यांच्या एका भेटीचा कायदा आहे. परिचारिका, एएनएम यांना त्यात डॉक्टरांना मदत करणारा आरोग्य कर्मचारी असे स्थान आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे आकडे रोज येणार, रात्री येणार. ते कोणी पाहायचे, किती वेळात उत्तर द्यायचे, यासाठी त्यात कालमर्यादा नाही.

अधिकाराचे काय? राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ ने समुदाय आरोग्य प्रदात्याला मर्यादित परवाना देण्याची वाट उघडली. तो प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहून देऊ शकतो, एरवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्या वेळी डॉक्टरांच्या संघटनांनी देशभर संप केले. अर्धवट शिकलेल्यांना डॉक्टर बनवता काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल पूर्ण चुकीचा नव्हता, गरिबांच्या माथी कमी दर्जाची सेवा मारली जाऊ नये हे मलाही मान्य आहे. मात्र हार्ट फेल्युअरच्या ठरलेल्या रुग्णाला, डॉक्टरांनीच आधी लिहून ठेवलेल्या मर्यादेत, पाण्याची अर्धी गोळी वाढवण्याचा अधिकार प्रशिक्षित परिचारिकेला देणे यात दर्जा घसरतो कुठे? उलट ज्यांना रात्री डॉक्टर मिळतच नाही, त्यांना काहीतरी मिळते.

आणि घरी परिचारिका पाठवणे भारतात अशक्य आहे, हेही खरे नाही. केरळने २००८ साली वेदनाशामक आणि परिहार सेवेचे धोरण स्वीकारले. तिथे ग्रामपंचायतींच्या निधीतून परिचारिका नेमल्या गेल्या. त्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. सुरुवात मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी झाली, पुढे पक्षाघात, वार्धक्य, दीर्घ आजार हे सारे त्यात आले. मोटारीत बसून घरी येणारी पंचायतीची नर्स केरळच्या खेड्यात नवलाई नाही. हे करायला परदेशी यंत्र लागले नाही, पंचायतीच्या अंदाजपत्रकात एक शीर्षक लागले. अशा परिचारिकेच्या पिशवीत उद्या वजनकाट्याचे आकडे दाखवणारा मोबाईल आला तर तो उपयोगाचाच ठरेल. आपल्याकडे मोबाईल आधी येतो आहे आणि पिशवी घेऊन येणारी बाई अजून नेमायची आहे.

शहरांत ती जागा खाजगी संस्थांनी भरली. ज्यांना परवडते त्यांनी परिचारिका घ्यावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी सून, मुलगी, बायको ही विनापगारी परिचारिका असतेच. आकडे पाठवण्याचे काम तिच्याकडे येईल, आणि आकडा पाठवायला उशीर झाला म्हणून बोलणीही तीच खाईल.

जबाबदारीचा कायदेशीर प्रश्न या सगळ्यात लटकलेला आहे. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले हा पुण्यातल्या डॉक्टरांविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली निकाली काढला. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार देताना, अशा तिन्ही पायऱ्यांवर डॉक्टरांचे काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले आहे. माझ्या मते, ज्या डॉक्टरांचे नाव ग्रुपमध्ये आहे आणि ज्यांच्या नावावर संस्था रुग्णाकडून पैसे घेते, त्यांनी रुग्ण हाती घेतलेला आहे. संदेश वाचला नाही हा बचाव होऊ शकत नाही. संस्थेने तर यंत्रे ठेवली, त्यांचे भाडे घेतले, आकडे मागवले. आकडा मागवणाऱ्याने तो वाचण्याची व्यवस्था केली पाहिजे. न्यायालयासमोर असे प्रकरण कधीतरी येईलच. तेव्हा सगळ्यात आधी कठड्यात उभी केली जाईल ती परिचारिका, कारण "पाहिले" अशी निळी खूण तिच्याच नावापुढे असते.

त्याच निळ्या खुणा मला आमच्या दाव्यात कामी आल्या. संस्थेने नोटिशीला उत्तर दिले आहे : सदर महिला स्वतंत्र सेवा पुरवठादार असून प्रत्येक भेटीमागे मोबदला घेते, सबब ती कर्मचारी नाही. या उत्तराला सर्वोच्च न्यायालयाचा १९५७ च्या अहवालात छापलेला धरंगधरा केमिकल वर्क्सचा निकाल पुरेसा आहे. त्या प्रकरणात मिठागरातले अगरिया कामगार होते. त्यांना पिकवलेल्या मिठाच्या वजनावर मोबदला मिळे, ते स्वतःच्या मदतीला माणसेही ठेवू शकत. मालक म्हणाला, हे माझे कामगार नव्हेत. न्यायालयाने पाहिले ते हे, की काम कोणते करायचे एवढेच नव्हे तर ते कसे करायचे यावर ताबा कोणाचा आहे. अगरिया कामगार ठरले. आमच्या प्रकरणात समन्वयकाचे संदेश असे आहेत : "रीडिंग आल्यावर पंधरा मिनिटांत रिप्लाय पाहिजे." "काल रात्री फोन का नाही उचलला?" "सुटीच्या दिवशीही ग्रुप चेक करायचा." हा ताबा नाही तर काय?

असे एकूण चार महिन्यांचे संदेश आहेत, वेळेसकट. मूळ मोबाईल तिने जपून ठेवला आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह ते दाखल करतो आहोत. घरभेटींचे दिवस आणि भेट नसलेले दिवस असे दोन रकाने करून, रात्री नऊनंतरची उत्तरे वेगळी मोजायला मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याला बसवले आहे. पहिल्या महिन्याचीच मोजणी चालू आहे आणि दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला आहे.